मामीची बारीक रेघ

हे लिहायचं जवळजवळ राहूनच गेलं होतं. दोनदा तो लिहायला बसला आणि दोनदा चार ओळी टाइप करून पुसून मोकळा झाला. एका रेघेबद्दल माणूस लिहून लिहून किती लिहिणार? रेघ ओढायची असते, फार तर पुसायची असते. त्यात मित्राची झाकली मूठ. पण काल मित्रच म्हणाला, "लिही की. तेवढंच तुझ्या बोटांना वळण." मग पळवाट उरली नाही.

सुरुवात बुटाच्या नाडीपासून झाली. सकाळी कामावर जाताना शिंप्याच्या दुकानासमोर त्याची नाडी सुटली. तो वाकला, पायरीवर पाय ठेवून गाठ मारली आणि मान वर केली, तर शिंप्याच्या नव्या काचेच्या दारावरचं पहिलंच अक्षर, इंग्रजी ए, बरोबर नाकासमोर. दारावरची अक्षरं इतक्या जवळून कोणी बघत नाही. ती रस्त्यापलीकडून बघायची असतात. ए च्या दोन तंगड्यांमध्ये एक आडवी रेघ असते, केसाएवढी. ती होती. आणि तिला चिकटून, मध्ये जेमतेम नखाच्या कडेएवढी फट ठेवून, दुसरी तशीच रेघ होती. त्याला वाटलं काचेची सावली असेल. मान इकडे केली, तिकडे केली. सावली असती तर हलली असती. पुढच्या एच ची आडवी रेघही जोडीनेच उभी. आतून शिंप्याने गळ्यातली टेप सारखी करत हात केला, यानेही हात केला, आणि पुन्हा वाकून रेघा मोजल्या. कारण ही अक्षरं काड्याने रंगवलेली होती, आणि काड्याच्या हातून एकच रेघ दोनदा ओढली जाणं म्हणजे पोस्टमनने स्वतःचं घर चुकणं.

काड्या म्हणजे दुकानांच्या काचांवर अक्षरं रंगवणारा त्याचा मित्र. अंगाने काडी, आणि चारचौघांत काड्या घालायची जित्याची खोड, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी चपखल. वयाने बराच मोठा, पण अहो-जाहो केलं की फणकारतो. "अहो म्हणालास की पाठीला बाक आल्यासारखं वाटतं." तो याला मास्तर म्हणतो, कारण अक्षरांचं काम हा कुठल्याच शाळेत शिकलेला नाही. "ज्याला कोणी मास्तर मिळाला नाही, तो स्वतःच मास्तर." मास्तर छापखान्याच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर पाट्यांची अक्षरं जुळवतो आणि लांबलचक कागदावर खऱ्या मापात छापतो. काड्या त्या कागदाला अक्षरांच्या कडेकडेने सुईने भोकं पाडतो, कागद काचेला चिकटवतो, खडूच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापतो, आणि कागद काढला की काचेवर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं उरतात. त्यात रंग भरायचा. ही झाली जाड रेघांची गोष्ट. बारीक रेघेला काड्या भोकं पाडत नाही. त्याच्या बापानेही कधी पाडली नाहीत. "बारीक रेघ कागदावरून येत नाही, ती श्वासावर येते," म्हणतो, आणि खरंच श्वास रोखतो, लांब केसांचा ब्रश टेकवतो, आणि अक्षराच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत एका दमात, नुसत्या नजरेच्या भरवशावर. मास्तर शेजारी उभा राहून बघतो तेव्हा नकळत त्याचाही श्वास अडकतो. रेघ पुरी झाली की दोघं एकदम सुस्कारा सोडतात. "तुला कोणी सांगितलं होतं धरायला?" काड्या दर वेळी विचारतो. दर वेळी.

त्या दिवशी मास्तर पडद्यासमोर बसून होता, पण हात चालेना. पडद्यावर मामी होती. मामी हे शिंप्याच्या दारावरच्या त्या अक्षरवळणाचं, म्हणजे फॉन्टचं, यांच्या दोघांतलं नाव. खरं नाव परदेशी आहे, ठसे कोरणाऱ्या कुणा जुन्या माणसाच्या आडनावावरून पडलेलं, आणि काड्याला ते कधी धड म्हणता आलं नाही. मामी हे नाव मास्तरने ठेवलं, कारण तो वाढला मामीकडे, आणि त्याला पहिल्यांदा हे अक्षर भेटलं तेही तिच्याच आरशासमोर. खरी मामी अंगाने भरलेली, खांद्याने रुंद, पण मनगटं आणि घोटे असे बारीक की एवढा सगळा संसार त्या दोन घोट्यांवर उभा तरी कसा, असं लहानपणी त्याला वाटायचं. मामा रात्रपाळी करून दिवसा झोपायचा, म्हणून मामी घरभर चवड्यांवर चालायची. जड अंग, हलकं पाऊल. बोलायचीही तशीच, नाजूक आवाजात ठणठणीत गोष्टी. "बाळा, तू गाढव आहेस," हे ती असं म्हणायची की कौतुक वाटावं. तिच्या आरशासमोर एक रिकामी अत्तराची बाटली होती. अत्तर कधीच उडून गेलेलं, तरी बूच काढलं की नाकाशी काहीतरी येऊन थांबायचं, वास म्हणवत नाही इतकं थोडं. त्या बाटलीवर ती अक्षरं होती. उभी रेघ जाड, आडवी केसासारखी, आणि पायाशी एक चपटी बारीक पट्टी, जणू अक्षराला अनवाणी उभं राहायची लाज वाटते. तो बाटली खिडकीशी धरून ती अक्षरं वहीच्या मागच्या पानांवर उतरवायचा. ओ सोपा वाटायचा आणि तोच दगा द्यायचा, दोन्ही कुशींना फुगलेला आणि डोक्याशी, पायाशी इतका बारीक की आता तुटेल, मग तुटेल. ए ची डावी तंगडी केस, उजवी खांब. एन चं सगळंच उलटं, उभे दोन्ही बारीक आणि तिरकाच जाड, घरातल्या धाकट्याने भार उचलावा तसा. जाड भाग यायचे. बारीक रेघेशी पेन्सिल हरायची. कितीही टोक काढलं तरी पेन्सिलीची रेघ बाटलीवरच्या रेघेहून जाडच. पुढे मोठेपणी त्याला कळलं की हे सगळं टोकदार निबातून आलंय. हात खाली येतो तेव्हा दाब पडून रेघ पसरते, वर जातो तेव्हा हात सुटतो आणि रेघ निमुळती होते. म्हणजे कुणाच्या तरी हाताचं दाबणं आणि सोडणं. मामीने त्याला वाढवलं तेही असंच, आता आठवलं की वाटतं. कधी दाबून, बहुतेकदा सोडून.

मामी कुठे शोभते आणि कुठे नाही हे शिकायला त्याला बरेच टक्केटोणपे खावे लागले. मासिकाच्या मथळ्यावर शोभते, अत्तराच्या खोक्यावर, लग्नाच्या आमंत्रणावर, आणि ज्या हॉटेलातली लिफ्ट सावकाश चालते त्याच्या दारावर. औषधाच्या बाटलीवर नाही. बसथांब्यावर नाही. आग लागली तर कुठून पळायचं ते सांगणाऱ्या पाटीवर तर मुळीच नाही. मोठी केली तर राणी. लहान केली की बारीक रेघा विरून जातात आणि नुसते खांब उरतात, मोडक्या कुंपणासारखे. एकदा त्याने हौसेने दंतवैद्याच्या कार्डावर बारीक मामीत पत्ता टाकला, आणि एक पेशंट त्या गल्लीत भलत्याच जिन्याने चढून न्हाव्याच्या खुर्चीत तोंड उघडून बसला, असं काड्या अजून सांगत फिरतो. "न्हाव्याने पण बघितले म्हणे दात. म्हणाला चांगले आहेत, मिशी तेवढी काढा."

दुहेरी रेघ पाहिल्यावर त्याने काड्याला काही विचारलं नाही. विचारणार काय? डोळ्यांबद्दल काड्याशी बोलायचं म्हणजे वाघाला मिशीबद्दल विचारायचं. काड्याचा बापही हेच काम करायचा, आणि बापाची नजर कशी गेली ते काड्याने एकदाच सांगितलं होतं, तेही ब्रश धुता धुता, पाठमोरा. मास्तरने मूग गिळले आणि दुसराच उद्योग केला. पुढच्या पाट्यांसाठी त्याने मामी देणंच बंद केलं. बुटांचं दुकान आलं, चाव्या बनवणारा आला, एक केकवाली आली, सगळ्यांना त्याने सगळीकडे सारखी जाड असलेली साधी अक्षरं दिली. त्या अक्षरांना हे दोघं पाईप म्हणायचे, कारण वाकवलेल्या नळासारखी दिसतात, बारीक नाही, जाड नाही, कुठे दाब नाही, कुठे सोड नाही. "आजकाल लोकांना साधंच आवडतं," तो काड्याला म्हणायचा. काड्या कागद उलगडून बघायचा, "प्लंबरांचा संप मिटला वाटतं," म्हणायचा आणि सुई घेऊन बसायचा. पाईपला सगळी भोकंच. श्वास धरायचं काम नाही. आपण मित्राला वाचवतोय असं मास्तरला वाटत होतं, आणि तरीही काड्याच्या गाळ्यातून बाहेर पडताना त्याला चोरी करून निघाल्यासारखं वाटायचं. रस्त्यावरची दारं तो आता जवळ जाऊन बघायला लागला होता. औषधवाल्याचं जुनं दार, एकेरी, सुरेख. संगीत शिकवणाऱ्या बाईंचं मागच्या हिवाळ्यातलं दार, एकेरी, पण एके ठिकाणी रेघ खांबापर्यंत पोचायच्या आधीच संपलेली. काठावर येऊन थांबलेल्या माणसासारखी. तो तिथे इतका वेळ उभा राहिला की बाईंनी खिडकीतून विचारलं, "नाव घालायचंय का क्लासला?"

मग एक वकील भाऊ आणि वकील बहीण आली. दोघांनी मिळून नवीन ऑफिस घेतलेलं, आणि कुणाचं नाव आधी यावर जिन्यातच जुंपलेली. बहीण म्हणाली, "मी मोठी." भाऊ म्हणाला, "वयाने." शेवटी बहिणीचं नाव आधी आलं आणि त्या बदल्यात मधलं 'आणि'चं चिन्ह भावाच्या पसंतीचं ठरलं. भावाने खिशातून मासिकाचं फाटकं पान काढलं. त्यावर मामीचं ते चिन्ह होतं, मांडी घालून बसलेलं, पोट सुटलेलं, एक बारीक हात वर करून. मास्तरला जगात ज्या थोड्या गोष्टी बघून हसू येतं त्यातली ही एक. "हे साधं केलं तर?" त्याने विचारलं. "बारीक रेघा काचेवर टिकत नाहीत हो फारशा." वकीलबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "शिंप्याच्या दारावर तर टिकल्यात. दोन दोन टिकल्यात."

त्या संध्याकाळी तो मामीकडे गेला. मामा आरामखुर्चीत डुलक्या घेत होता, मामी चवड्यांवर. आता मामाला ढोल वाजला तरी जाग येत नाही, पण चवड्यांची सवय गेलेली नाही. त्याने कुणाचं नाव न घेता विचारलं, एखाद्याचं काही कमी होत चाललं असेल तर सांगावं का? मामीने चहा गाळता गाळता मामाकडे मान वळवली. "ह्याचे कान जायला लागले तेव्हा मी सांगितलं नाही. वाईट वाटेल म्हणून. नुसती मोठ्यांदा बोलायला लागले."

"मग?"

"मग काय. ह्याला वाटलं, ही भांडकुदळ झाली. बहिणीला जाऊन सांगितलं, बायको बदलली म्हणून." तिने कप त्याच्यापुढे सरकवला. "कान गेले ते गेले. पण ते दिवस उगाच कडू झाले रे. तू गाढव आहेस का? साखर दोन चमचे घेतोस अजून?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काड्याच छापखान्यात आला. हातात बुटांच्या दुकानाच्या कागदाची गुंडाळी. येऊन बसला नाही, दाराच्या चौकटीला टेकला.

"मास्तर, हा पाईप गिऱ्हाईकाने मागितला होता?"

"हो."

"मी विचारून आलो. तो म्हणतो, मास्तरांनीच सांगितलं, बारीक रेघा टिकत नाहीत. चावीवाला तेच म्हणतो. केकवाली तर म्हणाली, मला ती लग्नाच्या कार्डावरची हवी होती, पण तुमच्या मित्राने भीती घातली." त्याने गुंडाळी टेबलावर ठेवली, हळू, आपटली नाही. "माझ्या बापाच्या हातच्या रेघा अजून दारांवर उभ्या आहेत. दारं बदलली लोकांनी, रेघा नाही गेल्या. आणि माझी टिकत नाही?"

"उन्हाने रंग..."

"खोटं बोलताना तू कान खाजवतोस."

मास्तरने हात खाली घेतला. बाहेर छपाईचं यंत्र खटखट चाललं होतं, आणि थांबलं असतं तर बरं झालं असतं, आणि थांबलं असतं तर वाईटही झालं असतं. मग काड्याच बोलला, कागदाकडे बघत.

"मी चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. तुला न सांगता. शेवटच्या ओळीपर्यंत तक्ता घडाघडा वाचला. तो म्हणाला, घारीची नजर आहे तुमची."

"मग चांगलंच की."

"कसलं चांगलं? तक्त्यावरची अक्षरं बघितलीस कधी? पांढऱ्यावर काळीकुट्ट, सगळीकडून सारखी जाड. पाईप. तसली अक्षरं मला चितेवरूनही दिसतील." तो हसला आणि हसणं अर्ध्यात राहिलं. "काचेवर, समोरून उजेड येत असताना, फिकट रंगाची केसाएवढी रेघ. ओढत असतो तोवर असते. ब्रश उचलला की जाते. म्हणजे असते, पण नसते. धुक्यात घातल्यासारखी. मग वाटतं, ओढायचीच राहिली."

"मग?"

"मग ओढतो." त्याने टेबलावरची गुंडाळी सारखी केली. "बापाला कोणी सांगितलं नाही, माहितेय? गिऱ्हाईकं हळूहळू दुसरीकडे गेली. शेवटी त्याला मैलाचे दगड रंगवायचं काम मिळालं. घरी येऊन म्हणाला, बढती मिळाली, आता मोठी मोठी अक्षरं. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं." मग मान वर करून त्याने सरळ मास्तरकडे बघितलं, नेहमीच्या त्या टोचणाऱ्या डोळ्यांनी, ज्यांच्यात वरून तरी काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. "दुहेरी होतात का रे?"

मास्तरचा हात कानाकडे निघाला. निम्म्या वाटेत त्याला ते कळलं. पाईप त्याने याच प्रश्नाला घाबरून दिले होते, आणि आता नाही म्हटलं तर सगळं होतं तसं चालू राहिलं असतं, मामाच्या घरातल्या त्या वाढलेल्या आवाजासारखं. त्याने हात खिशात घातला.

"चल," तो म्हणाला. "दाखवतो."

शिंपी कुणाच्या तरी बाहीला टाचण्या लावत होता. टाचण्या ओठांत धरूनच म्हणाला, "या. रंग तर अजून नवाच आहे." अक्षरं दाराच्या आतल्या बाजूने रंगवलेली, तेव्हा आतून हात लावता येत होता. ऊन रस्त्यावरून सरळ काचेत येत होतं. काड्या ए समोर उभा राहिला. जवळ गेला, मागे झाला, एक डोळा मिटला, दुसरा मिटला. त्याच्या तोंडाकडे बघायचं मास्तरने टाळलं. मग त्याने काड्याचा हात धरला, तर्जनीचं नख काचेवर टेकवलं आणि वरून खाली सावकाश ओढलं. रंग वाळला की काचेवर किंचित उंच राहतो. एवढासा उंच, की डोळ्याला कळत नाही, नखाला कळतो. नख एकदा अडलं. पुढे सरकलं. पुन्हा अडलं.

काड्याने हात सोडवून घेतला आणि स्वतःच पुन्हा ओढलं. अडलं. अडलं. मग एच वर. तिथेही.

"मला वाटलं डिझाइन आहे," शिंपी टाचण्या काढून म्हणाला. "एका गिऱ्हाईकाने तर तारीफ केली. म्हणाला, काय शिवण घातलीय."

कोणीच हसलं नाही, मग काड्या हसला. चांगला हसला, खांदे हलेपर्यंत, आणि हसता हसता दाराच्या कडेला धरून उभा राहिला. मास्तरला वाटलं आता हा बसेल. तो बसला नाही. त्याने खिशातून पातं काढलं. काच खरवडायचं ते पातं तो नेहमी जवळ ठेवतो.

"खरी कुठली? वरची की खालची?"

मास्तर वाकला, नाडी बांधायला वाकला होता तेवढाच. "वरची. खालची थोडी उतरती आहे."

"मग खालची काढू. तू बघ." त्याने डाव्या हाताचं नख वरच्या रेघेवर ठेवलं, तिच्यावर पांघरूण घातल्यासारखं, आणि उजव्या हाताने पातं खाली टेकवलं. "बोल."

"थोडं खाली. केसभर. हां. चल. चल. थांब."

पात्याच्या टोकावर रंगाची एक बारीक कुरळी साल जमून आली, पापणीच्या केसाएवढी. काड्याने ती बोटावर घेतली, डोळ्यांशी नेली, उजेडापासून फिरवून शिंप्याच्या काळ्या कापडाच्या ठाणापुढे धरली. "इथे दिसते," तो म्हणाला. "काळ्यावर दिसते." मग फुंकर मारली. एच ची दुसरी रेघही अशीच निघाली, बोल, थांब, बोल, थांब करत. शिंप्याने मध्येच विचारलं, याचे वेगळे काही द्यायचे का, आणि काड्या म्हणाला, "द्या की, शर्ट शिवून द्या मास्तरला. बाह्या एकेरी घाला." काम संपलं तेव्हा मास्तरच्या लक्षात आलं की या खेपेला त्याने श्वास धरला नव्हता. बोलायचं होतं ना.

बाहेर येऊन दोघं रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर उभे राहिले, कारण दारावरचं नाव तिथूनच बघायचं असतं. मास्तरला ए दिसत होता, डावी तंगडी केस, उजवी खांब, मध्ये एकच रेघ, मामीच्या मनगटासारखी. काड्याला काय दिसत होतं ते त्याने विचारलं नाही. मग वाटलं, हेच तर. आणि विचारलं.

"कुंपण," काड्या म्हणाला. "पण चांगलं कुंपण आहे. खांब माझेच आहेत." त्याने नाक ओढलं. "वकिलांचं दार?"

"मामीच. आजच कागद काढतो."

"ते मांडी घालून बसलेलं चिन्ह आहे ना त्यात?"

"आहे."

"मग बारीक रेघा मीच ओढणार. तू ओढायला लागलास तर तो वर केलेला हात नळाची तोटी दिसेल."

"ओढ. पण उद्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. चष्मेवाला नाही, डॉक्टर. उजेडासमोर काय होतं ते सगळं सांगायचं, घारीची नजर वगैरे नाही."

"तू येणार?"

"येणार. आत पण येणार."

काड्या बराच वेळ दाराकडे बघत राहिला, म्हणजे दार जिथे होतं तिकडे. "तो काय सांगायचं ते सांगेल," शेवटी म्हणाला. "बरं होईल म्हणेल, नाही म्हणेल. त्याचं मी बघतो. पण तू पाईप पाठवू नकोस मला. एक दिवस पाईपच रंगवायचे असतील तर ते मी ठरवीन. घरी येऊन बढती मिळाली म्हणणारा माणूस मला व्हायचं नाही, मास्तर."

"नाही पाठवणार," तो म्हणाला. दोन्ही हात खिशाबाहेर होते आणि कानाकडे जात नव्हते, हे काड्याला दिसावं म्हणून त्याने ते थोडे पुढे धरले, आणि मग काचेवरचं नख आठवून, काड्याच्या खांद्यावर ठेवले. "रेघ दुहेरी झाली तर सांगीन. तिथल्या तिथे, तोंडावर, वकीलबाई शेजारी उभ्या असल्या तरी. आणि एकही उमटली नाही, तर तेही मीच सांगीन."